चारशेच्या खालचा वारा

मुलुंड (प.)
रविवार, ११ जानेवारी २०२६

सुबोध,

सतरा महिन्यांत तुला एक ओळ लिहिली नाही, आणि आता लिहितेय ती रागानेच लिहितेय. तेव्हा गोड काही अपेक्षा ठेवू नकोस. काल साटम वकील घरी आले होते. म्हणाले, तुमचा भाऊ दर तारखेला एकच विचारतो, ताईच्या सूर्याच्या वाऱ्याचं कुठवर आलं. खुनाच्या प्रयत्नाची केस अंगावर, दीड वर्ष बराकीत, आणि तुला वाऱ्याचं पडलंय. डोकं ठिकाणावर आहे ना रे तुझं?

तुझी पत्रं तिथले साहेब आधी उघडून वाचतात म्हणे. साहेब, नमस्कार. मी आरोपीची मोठी बहीण, मानसी धाकू परब, वय पस्तीस. एका संशोधन संस्थेत प्रोजेक्टवर काम करते. या केसमध्ये डोळ्यांनी पाहिलेली साक्षीदार मीच. साक्षीदाराने आरोपीला पत्र लिहावं की नाही ते मला माहीत नाही. मी भावाला लिहितेय.

माझी साक्ष १२ मार्चला आहे. 'रविवार दिनांक १८ ऑगस्ट २०२४ रोजी दुपारी राहत्या घरी माझा भाऊ सुबोध याने वडिलांच्या डोक्यात मागून लोखंडी बत्त्याचे पाच घाव घातले', अशी माझी जबानी आहे. तेच मी कोर्टात म्हटलं की तू सात-दहा वर्षं आत. म्हणजे सगळं माझ्या जिभेवर आहे, हे तुलाही ठाऊक आहे आणि तरी तू मला वाऱ्याबद्दल विचारतोस.

घरचं विचारलं नाहीस, तरी सांगते. बाबांची उजवी बाजू गेली ती गेलीच. बोलता येत नाही. डावा हात चालतो. सकाळ-संध्याकाळ मी पेज भरवते. आईचा हात बरा आहे, पण डाव्या हाताची तीन बोटं अजून सरळ होत नाहीत. त्या दिवशी तव्यावर पडला होता ना तो.

बाकी ठीक.

ताई


मुलुंड
२५ जानेवारी

सुबोध,

तुझं उत्तर मिळालं. चार ओळी, त्यातल्या दोन खोडलेल्या. बराकीत तू ऐट मारलीस की माझी बहीण सूर्यावर काम करते, आणि कोणीतरी विचारलं, वर हवाच नाही तर वारा कसला, आणि तुझी बोलती बंद झाली. बरं झालं. कधीतरी व्हायलाच हवी होती.

त्याला सांग, हवेचा नाही. सूर्याच्या अंगातून तापलेले, विजेने भारलेले कण सतत सुटतात. त्यांच्याबरोबर सूर्याचं चुंबकत्वही ताणलेल्या दोरीसारखं ओढलं जातं. दोरीला झटका दिला की लाट पळते, तशा या चुंबकी दोरीवरून लाटा पळतात. पृथ्वीपासून पंधरा लाख किलोमीटरवर यान उभं आहे, ते या लाटा मोजतं. ते आकडे माझ्या टेबलावर येतात.

वारे दोन. जलद वारा सेकंदाला पाचशे ते आठशे किलोमीटर. त्याचा आवेश बघून भीती वाटते, पण आतून तो सरळ असतो. त्यातल्या लाटा बहुतेक एकाच दिशेने चाललेल्या, सूर्याकडून बाहेर. मंद वारा चारशेच्या खाली. तो दिसायला गरीब. त्यात लाटा दोन्हीकडून येतात आणि एकमेकींवर आदळतात. तुला तुझ्या धंद्याच्या, साउंडच्या भाषेत सांगते. त्या वर्षी गणपतीत गल्लीच्या एका टोकाला तुझा साउंड आणि दुसऱ्या टोकाला भांडुपवाल्यांचा, समोरासमोर लावले होते, आठवतंय? मधे उभं राहिलं की गाणं कुठलं ते कळत नव्हतं, छातीत नुसते धक्के बसत होते. लाटा आदळल्या की फुटतात. मोठीच्या लहान होतात, लहानीच्या आणखी लहान, आणि शेवटी नुसती उष्णता उरते. या खळबळीचं गणित मी करते.

पण त्याआधी आकडे साफ करावे लागतात. यंत्राला उचकी लागली की आलेखावर एकदम टोक उभं राहतं. ते टोक काढून टाकायचं आणि दोन्ही बाजू जोडून रेघ सरळ करायची. दिवसाला शे-दीडशे टोकं. प्रत्येक टोक काढताना मी तोंडातल्या तोंडात म्हणते, गेला. तू आतल्या खोलीतून ओरडायचास, ताईचं भजन सुरू झालं. गेला. गेला. गेला.

मला ती सवय कामावर लागली असं तुला वाटतं. नाही. मी सात वर्षांची होते तेव्हापासून म्हणतेय. बाबांचा पट्टा आईच्या पाठीवर पडायचा आणि मी पांघरुणात एकेक मोजायचे. हा गेला. हाही गेला. तू तेव्हा तीन वर्षांचा होतास. थोडा मोठा झालास तसा मधे पडायला लागलास, म्हणून तुलाही पडायचे. मी कधी मधे पडले नाही. सकाळी शेजारच्या काकू विचारायच्या, काल आवाज कसला येत होता गं. मी म्हणायचे, टीव्ही. रेघ सरळ.

म्हणून सगळ्या बिल्डिंगमध्ये मी शांत, आणि तू भडकू.

ताई


मुलुंड
८ फेब्रुवारी

सुबोध,

आज माझं टाळकं सटकलंय. तीन गोष्टी सांगते, एकेक करून.

पहिली कामाची. मंद वाऱ्याच्या गठ्ठ्यात मला चार दिवस असे सापडले की वेग तीनशेऐंशीच्या वर गेलेला नाही, पण आतल्या लाटा शिस्तीत एकाच दिशेने चालल्यात, जलद वाऱ्यासारख्या. आणि जोरदार. मला वाटलं, माझ्याच प्रोग्रॅममध्ये घोळ आहे. मी ते चार दिवस 'खराब' अशी खूण करून बाजूला टाकले. पुढच्या वेळी पुन्हा वर आले. पुन्हा टाकले. तीन वेळा झालं असं. शेवटी जानकी मॅडमना दाखवलं, त्या माझ्या गाइड. त्यांनी चष्मा वर सरकवला आणि विचारलं, "तू वाटणी कशावरून केलीस?" म्हटलं, वेगावरून. चारशेच्या खाली मंद, पाचशेच्या वर जलद. म्हणाल्या, "वेग बघितलास. जन्म कुठला ते बघितलंस?" मग मागे मागे जाऊन आम्ही बघितलं. हा वारा सूर्यावरच्या एका लहानशा उघड्या जागेतून निघाला होता. जलद वारा मोठ्या उघड्या जागांतून निघतो, तसल्याच जातीची जागा, फक्त लहान आणि काठावरची. मला वाटलं, काहीतरी मोठं हाती लागलं. मॅडम म्हणाल्या, "हे जगाला कधीचं माहीत आहे मानसी. तुलाच माहीत नव्हतं." एवढा अपमान झाला की मी डबा न खाता परत आणला.

दुसरी गोष्ट. पोलीस पुन्हा घरी आले होते. बाबांना डाव्या हाताने दाखवता येतं म्हणून सरकारी वकिलांनी त्यांचं नावही यादीत घेतलंय. इन्स्पेक्टरनी विचारलं, धाकूराव, कोणी मारलं? बाबांनी डावा हात उचलला आणि भिंतीवरच्या तुझ्या फोटोकडे बोट केलं. जराही थांबले नाहीत. मी त्यांच्या शेजारीच वाटी घेऊन बसले होते. मग तोच हात त्यांनी माझ्या डोक्यावर ठेवला आणि रडायला लागले. इन्स्पेक्टर म्हणाले, मुलगी मात्र गुणी दिली हो देवाने. माझ्या हातातली वाटी भिंतीवर फेकून मारावी असं वाटलं. मी पुढचा चमचा भरवला.

तिसरी. साटम म्हणतात, सोपा रस्ता आहे. कोर्टात सांगायचं, मी आत होते, काही बघितलं नाही. घाव मागून बसलेत, तेव्हा तुमच्या वडिलांनीही बघितलेलं नाही, ते मी उलटतपासणीत काढतो. आई तर पहिल्यापासून म्हणतेय, मला शुद्ध नव्हती. केस पडेल, सुबोध सुटेल आणि कोणीच अडकणार नाही. 'कोणीच' म्हणताना त्यांनी माझ्याकडे बघितलं. वकील आहेत, त्यांना वास येतो.

आईला ते पसंत आहे. ती म्हणते, "ता बरा. कोणाचाच नाव नको." पण तू सुटून आलास तरी बिल्डिंगमध्ये, बाजारात, बाबांच्या त्या बोटाखाली, जन्मभर बापाचं डोकं फोडणाराच राहशील. सुटलेला, पण तोच.

आणखी लिहायचंय, पण साहेब वाचतायत.

ताई


मुलुंड
८ मार्च

सुबोध,

साहेब वाचतायत तर वाचू देत. साहेब, ही पाच पानं आहेत आणि प्रत्येक पानाखाली माझी सही आहे. सुबोधला देण्याआधी झेरॉक्स काढून ठेवा आणि वर पाठवायची तर पाठवा. परवा-तेरवा घरच्यांनी मला समजावलं आणि मी कोर्टात फिरले, तर हे कागद माझ्या तोंडावर मारायला असू देत.

त्या रविवारी भाकरी करपली. तेवढंच कारण. टीव्हीवर मॅच होती. मी टेबलावर आकडे साफ करत होते. त्या दिवशी बाबा ओरडले नाहीत. ओरडले असते तर मी नेहमीसारखे कानात हेडफोन घातले असते. ते शांतपणे उठून ओट्याशी गेले, आईचं मनगट धरलं आणि तिचा पंजा तापलेल्या तव्यावर दाबला. वर दुसरा हात ठेवून दाबला, भाकरी दाबतात तसा. आई आधी ओरडलीच नाही. वास आला तेव्हा मी मान वर केली.

कट्ट्यावर माशांच्या कालवणाची तिरफळं कुटायचा बत्ता होता. मी पाठीमागून गेले. पहिल्याच घावाला त्यांनी आईला सोडलं आणि ते गुडघ्यावर आले. तिथे थांबायला हवं होतं. सगळे हेच विचारतील, थांबलीस का नाही. मी थांबले नाही. मला थांबायचं नव्हतं. ते फरशीवर ओणवे झाले होते, हात टेकून, आणि मी आणखी चार घातले. पहिला आईसाठी होता. पुढचे चार माझे. प्रत्येक घावाला मी म्हणत होते, गेला. कामावर म्हणते त्याच आवाजात. हाताला एवढं बरं वाटत होतं, सुबोध, की मला आजही त्याची लाज वाटत नाही. भीती वाटते.

मग तू दारात. हातात बाजारातून आणलेल्या बांगडे माशांची पिशवी. पुढचं तुला ठाऊक आहे, पण साहेबांसाठी लिहिते. त्याने पिशवी टाकली, माझी बोटं एकेक करून बत्त्यावरून सोडवली, स्वतःच्या शर्टाला तो पुसला आणि स्वतःच्या मुठीत घट्ट धरला. बाबांना मांडीवर घेतलं तेव्हा त्याचे कपडे भरले. मला म्हणाला, "ताई, तू काय बघितलंस? तू मला बघितलंस." मी नाही म्हणत होते. म्हणाला, "मी आत गेलो तर कोण विचारणार नाही का गेला. माझ्यावर मारामारीच्या दोन केसेस हायेत. तू गेलीस तर सगळे विचारतील. तुझं सूर्याचं पुरं कर." आणि चौकीवर चालत गेला. एकाही पोलिसाने त्याला दुसरा प्रश्न विचारला नाही. मलाही नाही.

कोणी सांगितलं होतं रे तुला? कोणी सांगितलं होतं? माझं सूर्याचं पुरं करायला तू कोण? सतरा महिने मी तुझा एवढा राग केला, तुझं नाव कोणी काढलं तर उठून जायचे. लोकांना वाटायचं, बापाला मारणाऱ्याचा राग. खरं म्हणजे तू माझा घाव चोरलास त्याचा राग होता. आणि मी तो चोरू दिला. बत्ता सोडवताना मी मूठ आवळून धरली नाही, एवढं लिहिल्याशिवाय हे पत्र खरं होणार नाही.

काल बाबांना सांगितलं. पेज भरवून झाल्यावर समोर बसून सांगितलं, "बाबा, सुबोधने नाही. मी मारलं." ते हसले. अर्धंच तोंड हसतं त्यांचं. मान हलवली, नाही नाही, आणि माझा हात थोपटला. भावाला वाचवायला खोटं बोलतेय बिचारी. मी पुन्हा सांगितलं. पुन्हा थोपटला. ज्या माणसाचं डोकं मी फोडलं तो माणूससुद्धा मला मंद वाऱ्याच्या गठ्ठ्यात टाकून मोकळा झालाय. माझ्या मस्तकात अशी तिडीक गेली की मी त्यांचा तो डावा हात धरला आणि पिरगळला. बोटं पांढरी पडेपर्यंत. मनगट कसं धरायचं ते मला कोणी शिकवलेलं नाही, तरी अगदी त्यांच्यासारखं धरलं होतं.

आई दारात उभी होती. ओरडली नाही. म्हणाली, "बस झाला गो बाय. सोड त्येंका." मी सोडलं. मग ती माझ्याजवळ येऊन बसली, म्हणाली, "माका म्हायती आसा कोणी मारल्यान. माका शुद्ध होती. एक झील आत गेलो, आता तूय जातलंस? माजा कोण रवला मगे?" तिची ती न सरळ होणारी तीन बोटं माझ्या गुडघ्यावर होती. पण त्या मनगटाची पकड माझ्या हातात अजून आहे, सुबोध. मी या घरात बाबांना भरवत राहिले तर एक दिवस पुन्हा कट्ट्यावर काहीतरी असेल.

१२ तारखेला मी सांगणार आहे. तू मधे बोललास तर खबरदार.

मानसी परब


महिला कारागृह
२६ एप्रिल

सुबोध,

आता माझी पत्रं इथल्या मॅडम उघडून वाचतात. मॅडम, नमस्कार.

कोर्टात तू मागे आरोपीच्या पिंजऱ्यात होतास. तुला फक्त पाठी दिसल्या. म्हणून जवळून काय दिसलं ते लिहिते.

जजसाहेबांनी मला अडवलं होतं, ते तू ऐकलंस. स्वतःविरुद्ध जाईल असं काही सांगायला तुम्ही बांधील नाही, वकिलाशी बोला, नीट विचार करा. साटम हातातल्या फाइलीने मला खाली बस खाली बस करत होते. मी म्हटलं, विचार दीड वर्ष झाला. तू मागून ओरडलास, "खोटं बोलतेय ती, साहेब," आणि हवालदाराने तुला दाबलं. तिथेच सगळं बिघडत होतं. तुझ्या ओरडण्याने सगळं कोर्ट पुन्हा तुझ्याकडे बघायला लागलं. सरकारी वकील हसले. म्हणाले, बहीण भावासाठी त्याग करतेय, जुनीच गोष्ट आहे. आणि व्हीलचेअरवरून बाबांनी डावा हात उचलून तुझ्याकडे बोट केलं.

जजसाहेबांनी मला विचारलं, तुम्ही म्हणता तसं झालं असेल तर कुठे उभ्या होतात, कसं मारलं, सांगा. मी साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभी, बाबा माझ्यापुढे दोन-तीन पावलांवर, माझ्याकडे पाठ करून. मी उजवा हात वर केला आणि खाली आणला. तोंडातून आपोआप आलं, गेला. दुसऱ्यांदा हात वर. गेला. मी जोरात बोलत नव्हते, तू मागे ऐकलंही नसशील.

तिसऱ्याला बाबांचं तुझ्याकडे रोखलेलं बोट हळूच खाली आलं. चौथ्याला तो हात त्यांच्या स्वतःच्या डोक्यावर गेला. पंजा पसरून त्यांनी टाळू झाकली आणि जमेल तेवढं अंग व्हीलचेअरमध्ये खाली ओढलं. पाचव्याला त्यांनी मान वळवून माझ्याकडे बघितलं. सुबोध, जन्मात पहिल्यांदा त्यांनी मला बघितलं. लहानपणी आपण त्यांच्याकडे बघायचो, तसं.

सरकारी वकिलांनी हातातला कागद खाली ठेवला.

मला वाटलं होतं, त्यांच्या डोळ्यांत ती भीती दिसली की माझ्या जिवाला थंड वाटेल. वाटलं, खोटं कशाला बोलू. पण जेवणाच्या सुट्टीपुरतंच वाटलं.

साटम म्हणाले, एकच घाव सांगा, आईचा जीव वाचवायला मारला म्हणा, सुटाल. मी पाचही सांगितले. ते चार मी उचकी म्हणून काढून टाकले तर रेघ पुन्हा सरळ होईल, आणि सरळ रेघेचं आपलं काय झालं ते आपण बघितलंय. तुझ्यावर पुरावा लपवल्याचं कलम लागेल, ते भोग. स्वतःहून केलंयस.

जानकी मॅडम भेटायला आल्या होत्या. त्या चार दिवसांचा आलेख छापून आणला होता. वर 'खराब' लिहिलेलं खोडून त्यांनी तारखा लिहिल्यात. जाताना पाठीवर हात ठेवला. मी त्यांना म्हटलं, बाकीचा गठ्ठाही पुन्हा तपासायला हवा. म्हणाल्या, वेळ आहे ना तुला आता. आम्ही दोघी हसलो.

तू जामिनावर सुटून तीन आठवडे झाले आणि अजून भेटायला आला नाहीस. रागावलायस, कळतंय मला. राहा. मी सतरा महिने राहिले, तूही राहा.

आई म्हणाली, बाबांना आता तू भरवतोस. पेजेत मीठ कमी घाल, आणि थोडी कोमट करून दे. त्यांच्या मागून जाऊ नकोस. आधी हाक मार, मग समोर येऊन बस. मागून कोणी आलं की ते डोकं झाकतात.

ताई